तळटीप १२ : शंभराचा कागद

१२. हे छायाचित्र विल्ट चेंबरलेन या बास्केटबॉलपटूचे. २ मार्च १९६२ रोजी पेनसिल्व्हेनियातील हर्शी या चॉकलेटसाठी प्रसिद्ध असलेल्या गावी फिलाडेल्फिया वॉरियर्सने न्यूयॉर्क निक्सचा १६९–१४७ असा पराभव केला. त्यांतले १०० गुण एकट्या चेंबरलेनचे. तीन गुणांची फेक एनबीएमध्ये १९७९ साली आली. त्यामुळे हिशेब सरळ आहे : प्रत्येकी दोन गुणांच्या ३६ बास्केट आणि ३२ पैकी २८ फ्री थ्रो. फ्री थ्रो ही एरवी त्याची दुखरी नस. त्या हंगामात तो दोन्ही हातांनी चेंडू खालून वर फेकत असे. शेवटी शेवटी त्याच्या हाती चेंडूच जाऊ नये म्हणून निक्सचे खेळाडू त्याच्या सहकाऱ्यांवर मुद्दाम फाउल करू लागले. तेव्हा चेंडू लवकर परत मिळावा म्हणून वॉरियर्सनेही तोच मार्ग धरला. प्रेक्षक अवघे ४,१२४. सामना टीव्हीवर दाखवला गेला नाही. चौथ्या सत्राचे रेडिओ-समालोचन तेवढे ऐकायला मिळते. सामन्यानंतर वॉरियर्सचे प्रसिद्धिप्रमुख हार्वी पोलॅक यांनी एका कागदावर घाईघाईने '१००' लिहून दिले आणि तोच कागद हातात धरून चेंबरलेनने फोटो काढून घेतला. याच हंगामातील त्याची सामन्यामागे ५०.४ गुणांची सरासरी आणि हे १०० गुण, हे दोन्ही विक्रम आजही अबाधित आहेत. — संपा.