चिनी विद्यार्थी आणि इंग्रजी वाक्प्रचार

परभाषेचे शब्द कोशात सापडतात. तिचे वाक्प्रचार मात्र कोशात सापडूनही हाती लागत नाहीत. चीनमधील इंग्रजी अध्ययनाच्या इतिहासात याचा प्रत्यय येतो.

१७५७ पासून १८४२ पर्यंत युरोपीय लोकांचा सागरी व्यापार कँटन बंदरापुरता मर्यादित होता. तेथील दुकानदार छोट्या पुस्तिकांवरून इंग्रजी शिकत. त्यांत इंग्रजी उच्चार चिनी अक्षरांनीच दाखविलेले असत. त्यांच्या ‘पिजिन’ बोलीत शब्द इंग्रजी, पण ठेवण बरीचशी चिनी. तीत सौदा पटे. संभाषण होत नसे. १८६२ मध्ये मिशनच्या शाळेत शिकलेल्या तांग तिंगशू यांनी इंग्रजी शिकविणारा सहा खंडांचा ग्रंथ काढला. त्याच वर्षी पेकिंग येथे ‘थुंग-वन क्वान’ ही सरकारी भाषाशाळा निघाली.

अडचण चिनी भाषेच्या दारिद्र्याची नव्हे. ‘सापाचे चित्र काढून त्यास पाय जोडणे’ यासारखी चार अक्षरी वचने तीत विपुल आहेत. क्रियापदास जोड लावून अर्थ पालटण्याची रीतही तीत आहे. ‘छी-लाय’ म्हणजे उठणे, परंतु रडण्याच्या क्रियापदास तेच जोडले की ‘रडू लागणे’ असा अर्थ होतो. आपल्या ‘देऊन टाकणे’ यातील ‘टाकणे’ असेच आपला मूळ अर्थ सोडते. मग ‘गिव्ह अप’ कठीण का? विद्यार्थी ‘गिव्ह’ म्हणजे देणे आणि ‘अप’ म्हणजे वर असे निरनिराळे शिकलेला असतो. या दोहोंच्या बेरजेत ‘सोडून देणे’ कोठेच येत नाही. म्हणून तो अशी जोडक्रियापदे टाळून एकशब्दी क्रियापदाकडे वळतो. त्याचे इंग्रजी शुद्ध असते, पण घरगुती होत नाही.

ती घरगुती भाषा काही मुलांस मिळाली होती. १८७२ ते १८७५ या काळात युंग विंग यांच्या पुढाकाराने १२० मुले अमेरिकेस गेली व न्यू इंग्लंडमधील कुटुंबांत राहिली. ती बेसबॉल खेळू लागली, इंग्रजी त्यांच्या ओठांवर रुळले. परंतु मुले स्वदेशाचे आचार विसरत आहेत, अशी तक्रार अधिकाऱ्यांनी केली आणि १८८१ मध्ये ही योजना बंद करून त्यांस परत बोलाविण्यात आले.

अधिकाऱ्यांची भीती अगदीच निराधार होती, असे आम्हांस म्हणवत नाही. वाक्प्रचार जीवनाबरोबर येतात आणि थोडे जीवनही बदलतात. मात्र देवघेव एकेरी नसते. ‘तोंड गमावणे’ हा चिनी प्रयोग पुढे इंग्रजीतही रुळला. इंग्रजांनी तो स्वीकारला म्हणून ते चिनी झाले नाहीत. परभाषा शिकविणाऱ्या आपण शिक्षकांनी याद्या पाठ करून घेताना हे दोन्ही अनुभव स्मरणात ठेवावेत.