सामूहिक संकेतस्थळांची देखभाल व सुरक्षितता : एक ऐतिहासिक अभ्यास (१९९४ ते २०२५)

प्रस्तावना

माजी विद्यार्थी संघ, महाराष्ट्र मंडळे, ग्रंथालये व विषय परिषदा अशा अनेक समूहांनी गेल्या तीन दशकांत आपापली संकेतस्थळे उभारली. इतिवृत्ते, स्मरणिका, छायाचित्रे व सभासदांचे लेखन यांचा साठा तेथे जमा होत गेला. पूर्वी ही सामग्री संस्थेच्या कपाटात असे. कपाट दहा वर्षे बंद राहिले तरी आतील कागद बहुधा वाचता येतो. दहा वर्षे दुर्लक्षित राहिलेल्या संकेतस्थळाबाबत तशी खात्री देता येत नाही. म्हणून त्याच्या देखभालीचा प्रश्न केवळ तांत्रिक नसून इतिहासाच्या साधनांशी निगडित आहे. प्रस्तुत लेखात या प्रश्नाचा कालानुक्रमे आढावा घेण्यात आला आहे.

परक्या जागेवरील वसाहत

१९९४ साली अमेरिकेत सुरू झालेल्या जिओसिटीजने सर्वसामान्यांना संकेतस्थळासाठी विनामूल्य जागा दिली. १९९९ मध्ये याहूने ही सेवा विकत घेतली आणि २६ ऑक्टोबर २००९ रोजी अमेरिकेतील सेवा बंद केली. स्वयंसेवकांच्या गटांनी व इंटरनेट अर्काइव्हने धावपळ करून त्यातील बराच भाग वाचविला. तरीही याहू ग्रुप्सच्या बाबतीत तेच घडले. २८ ऑक्टोबर २०१९ पासून तेथे नवी सामग्री ठेवणे थांबले, जुनी सामग्री काढून टाकण्यात आली आणि १५ डिसेंबर २०२० रोजी सेवा संपुष्टात आली. या दोन्ही प्रसंगी कोणी हल्ला केला नव्हता. जागेच्या मालकाने घेतलेला तो व्यावसायिक निर्णय होता. विनामूल्य जागेत लेखन समूहाचे असले तरी ते किती काळ टिकावे हे ठरविण्याचा अधिकार समूहाकडे नसतो, हे यावरून स्पष्ट होते.

स्वतःचे घर, जुने होणारे सॉफ्टवेअर

पीएचपीबीबी, ड्रुपल, वर्डप्रेस यांसारख्या मुक्त सॉफ्टवेअरमुळे समूहांना स्वतःचे संकेतस्थळ उभारणे सुलभ झाले. मात्र देखभालीची जबाबदारीही त्यांच्यावर आली. डिसेंबर २००४ मध्ये ‘सँटी’ नावाच्या विषाणूने गूगलच्या शोधसेवेचा आधार घेऊन पीएचपीबीबीवर चालणारी संकेतस्थळे हुडकली व हजारो संकेतस्थळांची पाने विद्रूप केली. त्या दोषावरील दुरुस्ती नोव्हेंबरमध्येच उपलब्ध झाली होती. ती बसविली न गेल्यामुळे नुकसान झाले.

१५ ऑक्टोबर २०१४ रोजी ड्रुपलमधील एक गंभीर दोष जाहीर झाला. सात तासांच्या आत दुरुस्ती न केलेली संकेतस्थळे हल्लेखोरांच्या ताब्यात गेली आहेत असेच समजावे, असा इशारा ड्रुपलच्या सुरक्षा पथकाने दोन आठवड्यांनी दिला. भारतीय वेळेनुसार ही मुदत १६ ऑक्टोबरच्या पहाटे साडेचार वाजता संपली होती. नोकरी सांभाळून फावल्या वेळात काम पाहणाऱ्या स्वयंसेवकाला ती पाळणे जवळजवळ अशक्यच होते.

कालबाह्यता हा याहून संथ धोका होय. पीएचपी ५.६ ची सुरक्षा दुरुस्ती २०१८ अखेर थांबली. २०११ मध्ये आलेल्या ड्रुपल ७ चा अधिकृत आधार ५ जानेवारी २०२५ रोजी संपला. सर्व्हर नवा करावा तर जुने संकेतस्थळ चालत नाही, न करावा तर ते असुरक्षित राहते, अशी कोंडी निर्माण होते.

मराठी संकेतस्थळांपुढे आणखी एक अडचण होती. युनिकोडचा प्रसार होण्यापूर्वीचा बराच मराठी मजकूर ‘शिवाजी’, ‘शुषा’ अशा विशिष्ट फाँटमध्ये आहे. तो फाँट नसल्यास पडद्यावर निरर्थक रोमन अक्षरे दिसतात. म्हणजे पान शाबूत असूनही लेखन हरवते. अशा मजकुराचे युनिकोडमध्ये रूपांतर हाही जतनाचाच भाग ठरतो.

निष्कर्ष

१. समूहांचे लेखन हल्ल्यांइतकेच सेवा बंद पडल्यामुळे व दुर्लक्षामुळे नष्ट होते.

२. संकेतस्थळाचे नाव व सर्व्हरचे खाते एखाद्या स्वयंसेवकाच्या नावे न ठेवता संस्थेच्या नावे असावे. कार्यकारिणी बदलताना दप्तर व हिशेबाच्या वह्यांबरोबर त्यांच्या पासवर्डचीही रीतसर सोपवणूक व्हावी.

३. बॅकअप वेगळ्या ठिकाणी ठेवावा आणि त्यावरून संकेतस्थळ पुन्हा उभे राहते की नाही, हे अधूनमधून पडताळावे.

४. नियमित दुरुस्ती शक्य नसल्यास संकेतस्थळाचे साध्या, स्थिर पानांत रूपांतर करावे. त्यात नवे लेखन करता येत नाही, परंतु सभासदांची खाती व डेटाबेस काढून टाकल्याने हल्ल्याचे बहुतेक मार्ग बंद होतात आणि जुने लेखन वाचकांस उपलब्ध राहते.

संकेतस्थळाच्या उद्घाटनाची नोंद इतिवृत्तात आवर्जून होते. त्याच्या देखभालीची तरतूद मात्र अंदाजपत्रकात क्वचितच आढळते. ही तरतूद झाली नाही, तर या तीन दशकांतील सामूहिक जीवनाचा अभ्यास करू पाहणाऱ्या उद्याच्या इतिहासकाराच्या हाती फारच थोडी साधने उरतील.