राखेपासून साबणापर्यंत

राष्ट्रांचा इतिहास लिहितांना तोफांचा आणि तहनाम्यांचा हिशेब बारकाईनें ठेवला जातो. परंतु त्याच राष्ट्रांतील घरांत भांडीं कशानें घासलीं व वस्त्रें कशानें धुतलीं, हें सांगण्याची तसदी इतिहासकार क्वचितच घेतात. शिवाजीमहाराजांनीं १६५७ सालीं कल्याण-भिवंडी घेतली, हें शाळकरी मुलासही ठाऊक असतें. त्या काळची भिवंडींतील गृहिणी पितळेची घागर कशी उजळीत असे, हें विचारल्यास विद्वानही गप्प बसेल. अलीकडे सुशिक्षित कुटुंबांत बाजारी द्रव्यें टाकून घरींच केलेल्या नैसर्गिक द्रव्यांकडे वळण्याची आवड दिसूं लागली आहे. ही आवड कितपत डोळस आहे हें ठरविण्यापूर्वीं जुनी व्यवस्था मुळांत काय होती, तें पाहिलें पाहिजे.

भिवंडी तालुका भाताचा. भातानें घरास तांदूळ दिला, तसेंच स्वच्छतेचें साहित्यही दिलें. पेंढ्याची चुंबळ भांडें घासण्यास, तुसाची राख दांतांस व भांड्यांस, आणि तांदळाची कांजी कपड्यांच्या खळीस. तुसाच्या राखेंत मुख्यतः सिलिका, म्हणजे वाळूचेंच मुख्य द्रव्य असतें. म्हणून ती घांसते. लांकडाच्या राखेंत पोटॅशचा क्षार असतो. तेलकट भांड्यावर ती चोळली कीं तेलांतील मोकळ्या आम्लांशीं मिळून थोडासा साबण त्या भांड्यांतच तयार होतो. आमच्या आज्यांनीं साबण पाहिला नसेल, पण त्या तो रोज दोन वेळां करीत होत्या.

ही राख फुकटची होती असें मात्र कोणी समजूं नये. ठाणें जिल्ह्यांत पावसापूर्वीं रोपांच्या जागेवर शेण, पालापाचोळा व टहाळ पसरून राब जाळण्याची चाल आहे. टहाळ तोडण्यावर जंगलखात्यानें निर्बंध घातले तेव्हां शेतकऱ्यांत मोठा असंतोष माजला, आणि मुंबई सरकारनें १८८५ सालीं जें जंगल-कमिशन नेमलें, त्यापुढें हा राबाचा प्रश्न प्रामुख्यानें आला. ज्या शेणाची गोवरी चुलींत जाई, त्याच शेणावर शेताचाही हक्क होता. जुन्या घरांत ‘टाकाऊ’ म्हणून कांहीं नव्हतें, याचें कारण साधेपणाची आवड हें नसून टंचाई हें होतें.

या ज्ञानाची परंपरा मात्र फार जुनी आहे. मनुस्मृतीच्या पांचव्या अध्यायांत तांबें, पितळ, कथील इत्यादि धातूंची शुद्धि क्षार, आम्ल व पाणी यांनीं करावी, आणि लोकरीच्या कांबळ्याची अरिष्टकानें, म्हणजे रिठ्यानें करावी, असें सांगितलें आहे. धर्माच्या भाषेंत सांगितलेला हा नियम रसायनाच्या कसोटीसही उतरतो. चिंचेंतील आम्ल तांब्यावरील काळा थर विरघळवितें. तीव्र क्षारानें लोकरीचा तंतु कमजोर होतो, तर रिठ्याचा फेस सौम्य असल्यामुळें तिला अपाय करीत नाहीं. मात्र जी चिंच घागरीस बाहेरून उजळते, तिचेंच सार कल्हई उडालेल्या पातेल्यांत कळकतें. ‘नैसर्गिक’ म्हणजे ‘निरुपद्रवी’ नव्हे, हें आमच्या पूर्वजांस ठाऊक होतें. म्हणून तर कल्हईवाल्याची हांक दारोदार ऐकूं येई.

पुढें साबण आला. त्याचें नांवच परकें. अरबांचा ‘साबून’ आणि पोर्तुगीजांचा ‘साबांव’ हे त्याचे सोयरे. फ्रान्सांत १७९१ सालीं लब्लां यानें मिठापासून सोडा करण्याच्या कृतीचें पेटंट घेतलें, आणि साबणास लागणारा क्षार चुलीच्या राखेवर अवलंबून राहिला नाहीं. आमच्याकडे चरबीच्या शंकेनें पुष्कळ सोंवळ्या घरांनीं साबणास दारांतच थोपविलें होतें. अर्देशर गोदरेज यांनीं १९१८ च्या सुमारास वनस्पति-तेलांचा साबण बाजारांत आणला, तेव्हां ती शंका फिटण्यास मदत झाली. १९५९ त ‘सर्फ’ आली, १९६९ त अहमदाबादेच्या करसनभाई पटेलांची स्वस्त ‘निरमा’ आली. तिकडे गॅसच्या शेगडीनें चूल विझविली. चूल विझली तेव्हां राखही संपली. जी राख पूर्वीं घरांत आपोआप पडे, ती आज पाकिटांतून विकत मिळते!

या स्थित्यंतराबद्दल हळहळणारांस आम्ही एकच विचारूं : ती लखलखणारी घागर कोणाच्या हातांनीं लखलखत होती? विहिरीवर उकिडवें बसून, राखेनें चरे पडलेल्या बोटांनीं ती घासणारी स्त्री, आणि पापडखाराच्या भट्टीपाशीं उभा राहणारा परीट, यांच्या श्रमांचा जमाखर्च कोणी ठेवला नाहीं. साबणानें त्यांचे कांहीं कष्ट निश्चितच वांचविले.

परंतु खर्च नाहींसा झाला नाहीं. तो दुसऱ्या खात्यावर पडला. भिवंडीच्याच उदाहरणानें हें स्पष्ट होईल. पूर्वीं हातमागाच्या ताण्यास कांजी चढे. आज तेथें यंत्रमागांचा अखंड खडखडाट आहे, आणि गांवाजवळून वाहणाऱ्या कामवारी नदीस कारखान्यांचें व घरांचें सांडपाणी सोसावें लागतें. राखेचें पाणी परसांतल्या केळीस जाई. आमच्या मोरीचें पाणी कोठें जातें, हें आम्ही विचारीतही नाहीं.

म्हणून घरगुती द्रव्यांचा पुरस्कार आम्ही करतों, पण विवेकानें. एक भाग गूळ, तीन भाग लिंबाच्या साली व दहा भाग पाणी तीन महिने आंबवून होणारें आम्ल नळावरील क्षाराचे डाग काढतें. संगमरवरी फरशीस तेंच खातें. व्हिनेगर व खाण्याचा सोडा एकत्र केल्यास फेस पुष्कळ येतो, पण दोहोंचा गुण एकमेकांस मारतो. आणि ब्लीचिंग पावडरींत कोणतेंही आम्ल मिसळल्यास विषारी वायु निघतो. आजीजवळ या वस्तूंचें शास्त्रीय ज्ञान नसेल. पण कोणती वस्तु कशास चालते आणि कशास चालत नाहीं, हा विवेक तिच्याजवळ पुरेपूर होता. तिची राख परत आणणें शक्य नाहीं, व सर्वस्वीं इष्टही नाहीं. पण घरांतून बाहेर जाणाऱ्या पाण्याचा हिशेब ठेवणें आणि घासण्याचें काम घरांतील एकाच माणसाच्या माथीं न मारणें, या दोन गोष्टी आम्हांस आजही करतां येतील.