एक्स-रे नॉर्मल, तरी पाय धोक्यात? गुडघ्याचे लिगामेंट तुटल्यावर आधी काय तपासतात

चाकणच्या तळेगाव चौकात शिफ्ट सुटण्याच्या वेळी कंटेनर, कंपनीच्या बस आणि दुचाकी एकाच रस्त्यावर येतात. अशा रस्त्यावर दुचाकी पडली किंवा मोटारीची धडक बसली, तर मार बऱ्याचदा गुडघ्यावर येतो. हाड मोडलं असेल तर एक्स-रेमध्ये दिसतं. लिगामेंट तुटलं असेल तर एक्स-रे स्वच्छही येऊ शकतो, आणि घोळ इथूनच सुरू होतो.

लिगामेंट म्हणजे दोन हाडांना बांधून ठेवणारे चिवट पट्टे. गुडघ्यात असे चार मुख्य पट्टे आहेत. दोन सांध्याच्या आत एकमेकांना छेदून जातात, तर दोन आतल्या आणि बाहेरच्या बाजूला असतात. कबड्डीत किंवा फुटबॉलमध्ये पाय रोवून अंग वळलं की बहुधा आतला पुढचा पट्टा, म्हणजे एसीएल तुटतो. 'टक्' असा आवाज येतो, काही तासांत गुडघा सुजतो आणि पुढे चालताना तो मध्येच दगा देतो. ही दुखापत त्रासदायक असली तरी पाय गमावण्याची वेळ त्यात सहसा येत नाही.

वेगातल्या अपघातात दोन-तीन पट्टे एकदम तुटले की गोष्ट वेगळी होते. तेव्हा मांडीचं हाड आणि नडगीचं हाड एकमेकांपासून सुटू शकतात, म्हणजे गुडघाच निखळतो. 'वाटी सरकली' असं आपण म्हणतो ते हे नव्हे. वाटी सरकणं त्यामानाने किरकोळ. निखळलेला गुडघा कधीकधी दवाखान्यात पोहोचण्याआधीच आपोआप जागेवर बसतो. मग एक्स-रे नॉर्मल येतो, 'लचकलंय' असं वाटतं, आणि क्रेप बँडेज बांधून माणूस घरी जातो.

खरा धोका लवणीत

गुडघ्यामागच्या लवणीतून पायाला रक्त देणारी मुख्य धमनी जाते. ती वर आणि खाली जखडलेली असल्यामुळे हाडं सुटली की ताणली जाते आणि फाटू शकते. रक्तपुरवठा सुमारे ६ ते ८ तासांत पूर्ववत झाला नाही, तर पाय कापावा लागण्याचा धोका झपाट्याने वाढतो. म्हणून अशा गुडघ्यात पहिला प्रश्न 'कोणतं लिगामेंट तुटलं' हा नसतो. पावलात रक्त पोहोचतंय का, हा असतो.

पाऊल थंड पडणं, पांढुरकं किंवा निळसर दिसणं, पोटरी दगडासारखी ताठ होऊन असह्य दुखणं ही धोक्याची लक्षणं आहेत. पण पाऊल गरम आहे आणि नाडी लागते म्हणून निर्धास्त होता येत नाही. धमनीचं आतलं अस्तर फाटलं असेल तर गुठळी काही तासांनीही होते. त्यामुळे डॉक्टर घोट्याचा आणि दंडाचा रक्तदाब मोजून तुलना करतात. हा आकडा ०.९ पेक्षा कमी आला किंवा शंका राहिली तर सीटी अँजिओग्राफी करतात. त्यानंतरही नाडी पुन्हापुन्हा तपासली जाते. पावलाचा पंजा वर उचलता येत नसेल तर गुडघ्याबाहेरून जाणारी नसही दुखावलेली असू शकते.

अपघातानंतर गुडघा वाकडा दिसत असेल तर रस्त्यावर ओढून सरळ करू नये. आहे त्या स्थितीत आधार देऊन १०८ ला फोन करावा. मालिश करणाऱ्याकडे तर मुळीच नेऊ नये. धमनीची शंका असलेल्या पायाला रक्तवाहिन्यांचा सर्जन लागतो. तो तिथे उपलब्ध आहे का, हे पहिल्याच रुग्णालयात विचारून घ्यावं. नसेल तर लगेच पुढे हलवणं हेच शहाणपणाचं.

ऑपरेशन आणि पुढचं वर्ष

धमनी फाटली असेल तर बहुधा दुसऱ्या पायाची शीर वापरून ती आधी जोडतात आणि गुडघा बाहेरून सळ्यांच्या चौकटीत स्थिर करतात. लिगामेंटचा नंबर नंतर. एमआरआयमध्ये नुकसान नेमकं कळतं आणि सूज उतरल्यावर, अनेकदा २ ते ३ आठवड्यांत, शस्त्रक्रिया होते. आतले तुटलेले पट्टे नुसते शिवून सहसा भागत नाही. मांडीमागचा किंवा वाटीखालचा स्नायूबंध घेऊन नवा पट्टा बसवतात.

ऋषभ पंतचं उदाहरण अनेकांच्या लक्षात असेल. ३० डिसेंबर २०२२ ला रुरकीजवळ त्याच्या मोटारीला अपघात झाला आणि उजवा गुडघा निखळला. जानेवारी २०२३ मध्ये मुंबईच्या कोकिलाबेन रुग्णालयात लिगामेंटची शस्त्रक्रिया झाली. तो मैदानात परतला मार्च २०२४ मध्ये, सव्वा वर्षाने. आणि त्याच्याकडे पूर्णवेळ फिजिओ होते. लाइनवर आठ तास उभं राहणाऱ्या कामगाराने दोन महिन्यांत कामावर जायची घाई केली तर नवा पट्टा सैल पडू शकतो. उलट व्यायाम टाळला तर गुडघा आखडतो. मांडी घालणं किंवा उकिडवं बसणं काहींना पूर्वीसारखं कधीच जमत नाही, हे आधीच माहीत असलेलं बरं.

एवढे महिने घर चालणार कसं? दरमहा २१,००० रुपयांपर्यंत पगार असलेल्या, ईएसआयमध्ये नोंद असलेल्या कामगाराला, मग तो कंत्राटी का असेना, कामावरच्या दुखापतीत तात्पुरत्या अपंगत्वाच्या काळात पगाराच्या सुमारे ९० टक्के लाभ मिळतो. साध्या आजारपणात तो ७० टक्के असतो आणि वर्षाला ९१ दिवसांपुरता. घर ते कंपनी या प्रवासातला अपघातही, त्याचा नोकरीशी संबंध दाखवता आला तर, कामावरचाच धरला जातो. मात्र त्यासाठी कंपनीला ताबडतोब कळवून अपघाताची नोंद व्हावी लागते. ईएसआयचं रुग्णालय चिंचवडला मोहननगरमध्ये आहे; महापालिकेचं वायसीएम पिंपरीत संत तुकारामनगरला. पहिले उपचार कुठेही झाले, तरी केसपेपरवर अपघाताची वेळ आणि ठिकाण लिहून घ्यावं.