चौलचा तट आणि बीडची विहीर

बीडसारख्या कोरड्या मुलखातून आम्ही चौल-रेवदंड्यास गेलो, तेव्हा पोर्तुगीजांच्या ढासळत्या तटाआड नारळी-पोफळींच्या वाड्या डुलत होत्या. एके काळी अरबस्तान-इराणची गलबते या बंदरात नांगर टाकीत. १५७० च्या अखेरीस मुर्तजा निजामशहाने या तटास वेढा घातला. परंतु अफाट फौज व तोफा लावूनही १५७१ साली त्यास तह करून परतावे लागले. पुढे १७४० मध्ये पोर्तुगीजांच्या हातूनही तो गेलाच.

याच मुर्तजाच्या कारकिर्दीत सलाबतखानाने बीडनजीक खजाना विहीर बांधविली. तिच्या भुयारी पाटांनी कित्येक पिढ्यांची शेते भिजविली. बखरकार वेढ्यास पाने देतात, विहिरीस जेमतेम एक ओळ. राजाच्या पराक्रमाचे मोजमाप करताना आपण कोणते माप हाती घ्यावे, हे वाचकांनीच ठरवावे. आम्ही तहानलेल्या मुलखाचे असल्याने आमचे माप ठरलेलेच आहे.