जलव्यायाम
कमरेइतक्या ते गळ्याइतक्या पाण्यात उभे राहून किंवा तरंगत करावयाच्या, सांध्यांवर अल्प भार टाकणाऱ्या हालचालींना जलव्यायाम म्हणतात. पाण्यातील चालणे, पाय उचलणे, हात फिरविणे, उभे पोहणे इ. प्रकारांचा त्यात समावेश होतो. पोहण्याचे कौशल्य मात्र अनिवार्य नसते. पाण्याच्या उत्प्लावक बलामुळे पायांवरील भार कमरेइतक्या पाण्यात सु. निम्मा, छातीइतक्या पाण्यात सु. एकतृतीयांश व गळ्याइतक्या पाण्यात सु. एकदशांश उरतो. पाणी हवेपेक्षा सु. ८०० पट घन असल्याने स्नायूंना प्रतिरोध मिळतो व हालचालीचा वेग वाढविल्यास तोही वाढतो. त्यामुळे चाळिशीनंतर गुडघेदुखी वा कंबरदुखीपायी धावणे आणि जोर-बैठका सोडाव्या लागलेल्या व्यक्तींना हा व्यायाम झेपतो.

इतिहास : यूरोपात १९ व्या शतकात व्हिन्सेंट्स प्रीसनित्स (१७९९–१८५१) व सेबास्टिआन क्नाइप (१८२१–९७) यांनी जलोपचार लोकप्रिय केले. लूई कून यांच्या कटिस्नानाचा महात्मा गांधींनी पुरस्कार केला. त्यांच्या प्रेरणेने १९४६ मध्ये पुणे जिल्ह्यातील उरुळी कांचन येथे निसर्गोपचार आश्रम सुरू झाला. या पद्धतींत पाणी हे मुख्यतः उपचाराचे साधन होते, व्यायामाचे नव्हे. पाण्यातील हालचालींना शास्त्रीय रूप देण्याचे कार्य विसाव्या शतकात अमेरिकेत चार्ल्स लोमन या अस्थिशल्यचिकित्सकाने केले. १९३७ मध्ये त्याचा पाण्याखालील व्यायामतंत्रावरील ग्रंथ प्रसिद्ध झाला. फ्रँक्लिन रूझवेल्ट (१८८२–१९४५) यांना वयाच्या ३९ व्या वर्षी पक्षाघात झाला. जमिनीवर उभे राहणे अशक्य झालेल्या रूझवेल्ट यांना १९२४ मध्ये जॉर्जिया राज्यातील वॉर्म स्प्रिंग्ज येथील सु. ३१° से. तापमानाच्या पाण्यात पायांची हालचाल करता आली. १९२७ मध्ये त्यांनी तेथे इतर रुग्णांसाठी संस्था स्थापन केली. त्यांचा पक्षाघात बरा झाला नाही. परंतु प्रौढ वयात जडलेल्या अपंगत्वातही शरीर कार्यक्षम राखता येते, हे या उदाहरणाने लोकांसमोर आले.

जालना जिल्हा : सु. ७०० मिमी. वार्षिक पर्जन्याच्या या जिल्ह्यात (निर्मिती १ मे १९८१) जलव्यायामाचा इतिहास हा मुख्यतः पाणवठ्यांचा इतिहास ठरतो. मराठवाड्यात विहिरी, बारवा व नद्यांचे डोह या पोहणे शिकण्याच्या जागा होत्या. वाळलेला भोपळा, पांगाऱ्याच्या लाकडाचा बिंडा किंवा पत्र्याचा बंद डबा पाठीस बांधून मुलांना पाण्यात सोडीत. शिकविणारी वडीलधारी मंडळीही त्यानिमित्ताने पाण्यात उतरत. अंबड येथे अहिल्याबाई होळकरांच्या नावाशी निगडित पुष्करणी आहे. अशा वास्तूंच्या पायऱ्यांमुळे उतरणाऱ्यास आपल्या उंचीप्रमाणे पाण्याची खोली निवडता येते. आधुनिक जलव्यायामाची हीच पहिली गरज होय. तथापि हे पाणवठे सर्वांना खुले नव्हते. अस्पृश्य मानलेल्या जातींना तेथे मज्जाव असे आणि स्त्रियांना पोहण्याची मुभा क्वचितच मिळे.

ही परंपरा दोन कारणांनी खंडित झाली. पायऱ्यांच्या विहिरींत माणसे उतरत असल्याने नारू रोगाचा प्रसार होई. म्हणून १९८० च्या दशकातील निर्मूलन मोहिमेत अशा विहिरी बंद करण्यावर किंवा त्यांची रचना बदलण्यावर भर देण्यात आला. २००० मध्ये भारत नारूमुक्त घोषित झाला; हा लाभ निःसंशय मोठा होता. दुसरे कारण विंधन विहिरींचे. वीतभर व्यासाच्या छिद्रातून पाणी उपसता येते, त्यात उतरता येत नाही. उपसा वाढला, तशी उघड्या विहिरींतील पातळी खालावली. २०१२-१३ च्या दुष्काळात जालना शहरास पाणी पुरविणारा, निजामी राजवटीत बांधलेला घाणेवाडी जलाशयही कोरडा पडला. पिण्यास पाणी नसताना व्यायामासाठी तलाव भरणे समर्थनीय ठरत नाही.

पाणलोट विकासासाठी प्रसिद्ध असलेल्या कडवंची (ता. जालना) परिसरात शेकडो शेततळी आहेत. परंतु त्यांच्या उतरत्या बाजूंवरील प्लॅस्टिकच्या अस्तरामुळे पाय ठरत नाही व बाहेर येणे दुष्कर होते. शेततळ्यांत बुडून मृत्यू घडतात. ती जलव्यायामास सर्वथा अयोग्य होत.

लाभ व मर्यादा : गुडघा व खुबा यांच्या संधिशोथात जलव्यायामाने वेदना व अक्षमता काही प्रमाणात, अल्पकाळ कमी होतात, असा निष्कर्ष २०१६ च्या कॉक्रेन आढाव्यात काढण्यात आला. हाडांवर भार कमी पडत असल्याने ती बळकट करण्यास हा व्यायाम एकटा पुरेसा नाही. गळ्याइतक्या पाण्यात सु. ७०० मिलि. रक्त छातीकडे सरकते. म्हणून हृदयविकार, अपस्मार किंवा उघडी जखम असणाऱ्यांनी वैद्यकीय सल्ल्याविना पाण्यात उतरू नये. मध्यमवयातील गुडघ्यांचा संधिशोथ स्त्रियांत अधिक आढळतो. जुन्या पाणवठ्यांवर ज्यांना पोहण्याची मुभा क्वचितच मिळे, त्यांनाच या व्यायामाची आज अधिक गरज आहे. शुद्धीकरण करून तेच पाणी पुनःपुन्हा वापरणारा, पायऱ्यांचा, छातीइतका खोल व स्त्रियांसाठी वेळ राखून ठेवणारा सामाईक तलाव हा अवर्षणप्रवण जिल्ह्यातही परवडणारा मार्ग होय.