घोटीचा रस्ता आणि पायगाडी

कसाऱ्याचा घाट चढून इगतपुरी मागें टाकली म्हणजे नाशिकच्या वाटेवर पहिलें मोठें बाजाराचें गांव लागतें तें घोटी. भात व भाताच्या गिरण्या यांसाठीं तें जिल्ह्यांत प्रसिद्ध आहे. येथून एक रस्ता सिन्नरास फुटतो, दुसरा कळसूबाई-भंडारदऱ्याकडे वळतो. वाहनांचा इतिहास पाहूं इच्छिणारास याहून सोईचें ठिकाण क्वचितच सांपडेल.

आगगाडीपूर्वीं खानदेश-वऱ्हाडचा कापूस बैलांच्या पाठीवरून व गाड्यांतून घाट उतरून किनाऱ्याकडे जाई. बोरीबंदरहून ठाण्यास पहिली गाडी १८५३ सालीं धांवली. पण थळ घाट चढून ती इगतपुरीस पोंचावयास १८६५ साल उजाडलें. ३७ फूट पुढें गेल्यावर एक फूट वर, असा तो चढ; आजही तेथें गाड्यांस मागून इंजिनें लावतात. मात्र आगगाडीनें जुना रस्ता कोणाकडून हिरावून घेतला नाहीं. तिनें आपली वाट आपण खोदली, आणि बैलगाडी, टांगा व पादचारी यांस होते तेथें राहूं दिलें. ही गोष्ट वाचकांनीं ध्यानांत ठेवावी.

पायगाडी तर त्याहून गरीब. १८८५ सालीं स्टार्ली यांनीं इंग्लंडांत दोन सारख्या चाकांची 'रोव्हर' तयार केली, १८८८ सालीं डनलॉप यांनीं तिला हवेची धांव दिली, आणि पुढें आपल्याकडे टपालवाले, दूधवाले व मास्तर तिच्यावर हिंडूं लागले. तिनें नवा रस्ता मागितला नाहीं. आमच्या विद्यार्थिदशेंत ती तासाच्या भाड्यानें मिळे, आणि गुडघे फोडून घेतल्यावांचून कोणासही येत नसे. तेव्हां 'दुचाकी' म्हटलें म्हणजे हीच. आज तो शब्द ऐकतांच स्कूटर डोळ्यांपुढें येते. बिचारीचा रस्ता तर गेलाच, नांवही गेलें!

मोटारीची कथा निराळी. सोलापूरच्या वालचंद हिराचंद यांनीं १९४४ सालीं प्रीमियर ऑटोमोबाइल्स स्थापिली. पण पुढें कित्येक वर्षें मोटार निवडण्याचा प्रश्नच नव्हता. नंबर लावावा आणि मिळेल ती घ्यावी. डिसेंबर १९८३ मध्यें मारुती आली व निवड सुरू झाली. आमच्या जिल्ह्यांत तर महिंद्रांचे कारखाने. बोलेरो व स्कॉर्पिओ नाशिकच्याच. आज सुशिक्षित कुटुंबांत कोणती मोटार घ्यावी यावर महिनेच्या महिने खल चालतो. पण किती अंतरासाठीं ती बाहेर काढावी हा प्रश्न कोणी काढीत नाहीं. आमच्याही घरीं तो निघाला नाहीं. गेल्या पावसाळ्यांत घोटीस आप्तांकडे उतरलों असतां वाणसामान आणावयास आम्हीं मोटार काढली. पायीं दहा मिनिटांची वाट. गाडी वळवून, उभी करून परत येईपर्यंत शेजारचा मुलगा सायकलीवर दोनदा जाऊन आला, तोही कोरडा. आम्ही मात्र मोटारींतून उतरून दुकानांत शिरतांना भिजलों. इगतपुरीकडील पाऊस हा सायकलीविरुद्ध खरा आक्षेप आहे हें आम्हांस मान्य आहे. पण तो बारा महिन्यांचा नव्हे.

वडपे ते गोंदे हा रस्ता चौपदरी झाला, घोटीस टोलनाका बसला. त्यानंतर ५ जून २०२५ रोजीं समृद्धी महामार्गाचा इगतपुरी ते आमणे हा शेवटचा ७६ किलोमीटरांचा टप्पा खुला होऊन नागपूर-मुंबई हे ७०१ किलोमीटर एकसंध झाले. त्या मार्गावर सायकलीस प्रवेश नाहीं, आणि आमची त्याबद्दल तक्रारही नाहीं. आगगाडीप्रमाणें त्यानेंही आपली वाट आपण खोदली. इगतपुरीपाशीं तर सुमारें आठ किलोमीटरांचा बोगदा आहे. आमची तक्रार जुन्या रस्त्याविषयीं आहे. दूरच्या वेगवान वाहनांस आतां स्वतंत्र मार्ग मिळाला असतां जुन्याची एक कड तरी गांवच्या माणसास परत कां मिळूं नये?

नाशिकचे डॉ. हितेंद्र व डॉ. महेंद्र महाजन या बंधूंनीं २०१५ सालीं 'रेस अक्रॉस अमेरिका' ही सुमारें ४,८०० किलोमीटरांची शर्यत नऊ दिवसांच्या आंत पुरी केली. जिल्ह्यानें टाळ्या वाजविल्या व मोटारींत बसून घरीं गेला. वास्तविक पराक्रमाचा येथें कांहीं संबंध नाहीं. सरकार मानव विकास कार्यक्रमांतून, निवडक तालुक्यांत, शाळेपासून पांच किलोमीटरांपर्यंत राहणाऱ्या आठवी ते बारावीच्या मुलींस सायकली देतें. योजना उत्तम, सायकल मिळते. ती चालवावयाची कोठें, हें मात्र ज्या खात्याकडे रस्ता त्यानें पाहावयाचें.

परतीच्या दिवशीं घोटीबाहेर अशीच एक मुलगी पाठीवर दप्तर घेऊन, सायकलीवरून उतरून, तिचें हँडल दोन्ही हातांनीं धरून रस्त्याच्या कडेस उभी होती. पलीकडे जावयास तिला फट मिळत नव्हती. आम्हीं वेग कमी केला. मागच्या गाडीनें लागलीच भोंगा वाजविला, आणि आम्ही पुढें निघालों.